जुन्या लेखांच्या संग्रहात यंत्राला कळेल असा विदा (डेटा): जेसन-एलडी की मायक्रोडेटा?

टंकवाला

नमस्कार मंडळी,

एका केव्हाच बंद पडलेल्या नियतकालिकाचे जुने अंक आम्ही चौघं मिळून टंकतोय आणि संस्थळावर चढवतोय. सहाशेच्या आसपास लेख झालेत. पान उघडलं की वर शीर्षक, त्याखाली लेखकाचं नाव, मग 'एप्रिल १९६७, अंक ४' अशी ओळ आणि खाली मजकूर. वाचणाऱ्याला आणखी काय हवं?

पण परवा शोधयंत्रात आमचाच एक लेख दिसला, तर त्याच्या शेजारी तारीख गेल्या महिन्यातली! म्हणजे आम्ही पान चढवलं तो दिवस. दुसऱ्या एका लेखाचा लेखक म्हणे 'अ‍ॅडमिन'. खोदल्यावर कळलं की हा प्रताप आमच्याच प्लगइनचा. पान कोणाच्या खात्यातून चढलं ते तो बघतो आणि त्यालाच लेखक करून मोकळा होतो.

मग वाचायला बसलो. जेसन-एलडी, मायक्रोडेटा, आरडीएफए, मायक्रोफॉरमॅट, ओपन ग्राफ... पानाची माहिती यंत्राला सांगायच्या एवढ्या पद्धती बघून डोकं गरगरलं. यातलं निवडावं काय, आणि सहाशे पानांवर हाताने न करता ते बसवावं कसं? आमच्यात प्रोग्रामिंग येणारा मी एकटाच, तेही कामापुरतं.

कोरी पाटी

वाचतेय. एक बाळबोध शंका: एचटीएमएल-५ मध्ये आर्टिकल, सेक्शन, हेडर असे टॅग आहेत ना? त्यांनाच सिमँटिक (अर्थ सांगणारे) म्हणतात असं शिकले होते. ते वापरले की भागत नाही?

कागदी होडी

शब्द एकच, कामं दोन. आर्टिकल टॅग सांगतो की 'हा भाग म्हणजे एक स्वतंत्र लेख'. तो कोणाचा, कुठल्या अंकातला, कधीचा, हे सांगायची सोय त्या टॅगमध्ये नाही. ते टॅग ब्राउझरला आणि स्क्रीन रीडरला पानाची रचना समजावतात, म्हणून ते नीट हवेतच. टंकवाल्यांना हवं आहे ते रचनेच्या पलीकडचं: या पानावर कुठल्या वस्तू आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय.

टाइम टॅग मात्र दोन्हीकडे पाय ठेवून आहे. दिसायला 'एप्रिल १९६७', आणि त्याच्या डेटटाइम अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (टॅगला जोडलेल्या गुणात) तेच यंत्राच्या भाषेत. टंकवाला, तुमच्या पानांवर तो आहे का? नसेल तर आधी तो घाला.

घाईत आहे

जेसन-एलडी घ्या आणि सुटा. गूगल स्वतः तेच सुचवतं. बाकी चर्चेला अर्थ नाही.

जुना खांब

उत्तर बरोबर आहे, पण कारण सांगितल्याशिवाय टंकवाल्यांच्या काय उपयोगाचं? लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

विदा पानात घालायच्या दोन तऱ्हा. पहिलीत जो मजकूर दिसतो त्याच्याच टॅगवर खुणा करायच्या. मायक्रोफॉरमॅट हे त्यातलं जुनं, २००५ सालचं. त्यात वेगळे अ‍ॅट्रिब्यूट नाहीत, क्लासच्या नावांतून अर्थ सांगायचा: एच-कार्ड म्हणजे माणूस, एच-एंट्री म्हणजे नोंद. मायक्रोडेटा एचटीएमएल-५ बरोबर आला. त्याचे अ‍ॅट्रिब्यूट पाच: आयटमस्कोप, आयटमटाइप, आयटमप्रॉप, आयटमआयडी, आयटमरेफ. आरडीएफए त्याच्याही आधीचं, २००८ साली डब्ल्यू-थ्री-सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झालेलं. ताकद भरपूर, पण सामान्य माणसाला धडकी भरवणारं. म्हणून २०१२ मध्ये त्याचं लाइट रूप काढलं, त्यातही अ‍ॅट्रिब्यूट पाचच.

दुसरी तऱ्हा म्हणजे जेसन-एलडी. मजकुराला हात लावायचा नाही. एका स्क्रिप्ट टॅगमध्ये सगळा विदा जेसनच्या रूपात एकगठ्ठा ठेवायचा. टॅगचा टाइप वेगळा असल्याने ब्राउझर तो चालवत नाही, नुसता बाळगतो. हेडमध्ये ठेवा की बॉडीत, फरक पडत नाही. २०१४ च्या जानेवारीत त्याची १.० आवृत्ती शिफारस झाली, २०२० मध्ये १.१.

या सगळ्या झाल्या लिहिण्याच्या पद्धती. शब्द कुठले वापरायचे हा प्रश्न निराळा, आणि लोकांचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. शब्दांचा कोश म्हणजे स्कीमा डॉट ऑर्ग. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी तो जून २०११ मध्ये सुरू केला, त्याच वर्षी यांडेक्स हे रशियन शोधयंत्रही आलं. 'ऑथर', 'डेटपब्लिश्ड', 'इजपार्टऑफ' हे त्याचे शब्द. ते मायक्रोडेटात लिहा, आरडीएफएत लिहा की जेसन-एलडीत, अर्थ तोच. तेव्हा 'स्कीमा की जेसन-एलडी' असा प्रश्न कोणी विचारला की समजावं, गाडी अजून फाटकाशीच आहे.

तुम्हाला जेसन-एलडी का? सहाशे पानं टेम्प्लेटमधून निघतात. तिथे एकदा लिहिलं की सगळीकडे उमटलं. मायक्रोडेटा मजकुराच्या टॅगांत विणलेला असतो. उद्या संस्थळाचा साज बदललात, दोन डिव्ह इकडचे तिकडे झाले, की विणलेलं उसवतं. त्यात लेखकाचं नाव पानाच्या माथ्याला आणि अंकाची माहिती तळाशी असेल तर आयटमरेफची दोरी बांधत बसावं लागतं. ते एकदा केलंय, पुन्हा करणार नाही.

कोरी पाटी

वाखुसा (वाचनखूण साठवली)! 'गाडी फाटकाशीच' मध्ये मीही होते.

तिरपा डोळा

खांबसाहेब, सोय सांगितलीत, तिची किंमत नाही सांगितलीत.

जेसन-एलडीत तुम्ही तीच गोष्ट दोनदा लिहिता. एकदा माणसासाठी, एकदा यंत्रासाठी. माणसासाठी लिहिलेलं चुकलं तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओरडतं. यंत्रासाठी लिहिलेलं चुकलं तर वर्षभर कोणाला पत्ता नसतो, कारण ते दिसतच नाही. एका संस्थळासाठी काम करत होतो. कार्यक्रमाची तारीख पुढे गेली, संपादकांनी मजकुरात ती बदलली. स्क्रिप्टमधली तशीच राहिली, कारण ती कोणीतरी हाताने चिकटवली होती. शोधयंत्र जुनीच तारीख दाखवत राहिलं आणि त्या दिवशी लोक बंद दारापाशी येऊन उभे राहिले. पान उघडून बघितलं तर पान बरोबर! दोन तास आम्हाला कळेना, लोक असं का करताहेत.

आणि हे काही नवीन नाही. खुल्या वापराचे परवाने देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सने सुरुवातीला परवान्याची माहिती आरडीएफमध्ये (वस्तूंमधली नाती यंत्रासाठी लिहायच्या पद्धतीत) लिहून एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये ठेवायला सांगितलं होतं. तेही चोप्य-पस्ते (कॉपी-पेस्ट), तेही अदृश्य. पुढे त्यांनी ते सोडलं आणि दिसणाऱ्या दुव्यावरच खूण करायची पद्धत घेतली. कीवर्डचा मेटा टॅग आठवतो? दिसत नाही म्हटल्यावर लोकांनी त्यात वाटेल ते कोंबलं. शेवटी २००९ मध्ये गूगलने जाहीर केलं की क्रमवारीसाठी आम्ही तो बघतच नाही. जे झाकलेलं असतं ते आधी शिळं होतं, मग खोटं.

मायक्रोडेटात ही भानगड नाही. जी तारीख दिसते तीच यंत्र वाचतं.

जुना खांब

तुमच्या गोष्टीतला गुन्हेगार जेसन-एलडी नाही, हाताने चिकटवणारा आहे. तारीख डेटाबेसच्या एका खान्यात असेल आणि मजकूर व स्क्रिप्ट दोन्ही तिथूनच निघत असतील तर दोघांत फरक पडणार कसा?

आणि मायक्रोडेटात फक्त दिसणारंच असतं हेही खरं नाही. मेटा टॅगवर आयटमप्रॉप लावून अदृश्य माहिती बिनदिक्कत घालता येते, आणि लोक घालतात.

तिरपा डोळा

घालतात, मान्य. पण तिथे ती मुद्दाम घालावी लागते, तुमच्याकडे तीच रीत आहे.

असो. 'एका खान्यातून दोन्ही' ही अट टंकवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी, मग माझी हरकत संपली. टंकवाला, तुमच्याकडे तारीख खान्यात आहे की मजकुरात टंकलेली आहे?

टंकवाला

आता खरं सांगतो. मजकुरात टंकलेली आहे. लेखकाचं नावही तसंच. कोणी 'एप्रिल १९६७' लिहिलंय, कोणी 'एप्रिल ६७', कोणी 'अंक चौथा'.

तिरपा डोळा

म्हणजे जेसन-एलडी की मायक्रोडेटा हा तुमचा प्रश्नच नव्हता, राव.

कागदी होडी

अगदी. आधी खाने करा: शीर्षक, लेखक, वर्ष, महिना, अंक क्रमांक, पान कुठून कुठपर्यंत. सूचिकार म्हणून आयुष्य गेलं, म्हणून थोडं तारखांबद्दल.

यंत्राला तारीख द्यायची ती आयएसओ ८६०१ च्या रूपात: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. आणि आकडे इंग्रजी, 0 ते 9. देवनागरी अंकांची तारीख माणसासाठी पानावर हवीच, पण डेटटाइममध्ये किंवा जेसनमध्ये ती गेली की वाचणारा प्रोग्राम तिला तारीख मानत नाही.

दिवस माहीत नसेल तर घालू नका. फक्त वर्ष आणि महिना दिला तरी चालतो, नुसतं वर्षही चालतं. टाइम टॅगलाही दोन्ही मान्य आहेत. 'काहीतरी हवं' म्हणून १ तारीख ठोकणं हे सूचीतलं पाप आहे. पुढच्या माणसाला ती खरीच वाटते, आणि मग तिच्यावरून तो आणखी तीन निष्कर्ष काढतो.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. तुमच्या पानावर दोन वस्तू आहेत आणि तुम्ही त्यांना एकच धरताय. एक लेख, जो १९६७ साली छापला गेला. दुसरं वेबपान, जे गेल्या महिन्यात तयार झालं. दोघांची प्रकाशन-तारीख वेगळी, आणि दोन्ही खऱ्या. लेखाचा ऑथर लेखक. ज्याने टंकलं तो वेबपानाचा कॉन्ट्रिब्यूटर, लेखाचा नव्हे. स्कीमाच्या शब्दांत वेबपेज ही एक वस्तू, तिची मेनएंटिटी (मुख्य वस्तू) म्हणजे आर्टिकल. आर्टिकल इजपार्टऑफ पब्लिकेशनइश्यू, तो इश्यू इजपार्टऑफ पिरिऑडिकल. इश्यूला अंक क्रमांक, पिरिऑडिकलला आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असेल तर तो, आर्टिकलला पानांचे आकडे. हे नातं नीट लावलंत की 'अ‍ॅडमिन' आपोआप जागेवर जाईल.

शोधयंत्र मात्र तारीख ठरवताना स्वतःची अक्कलही चालवतं. विदा बरोबर दिला म्हणून ते तीच दाखवेल, अशी हमी कोणी देत नाही.

घाईत आहे

एवढी मेहनत करून पसंतीच्या चमचमणाऱ्या चांदण्या (स्टार रेटिंग) मिळणार का निकालात? आणि क्रमवारीत वर येणार का?

जुना खांब

नाही आणि नाही. गूगलचं म्हणणं असं की या विद्यामुळे पान खास मांडणीला पात्र ठरतं, बस. दाखवायचं की नाही ते त्यांच्या मर्जीवर. स्वतःच्या संस्थेला स्वतःच्या पानावर चांदण्या देणं त्यांनी २०१९ मध्ये बंद केलं. निकालाखाली उघडणारी प्रश्नोत्तरांची पट्टी सगळे घुसडायला लागले तेव्हा २०२३ मध्ये ती सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित संस्थळांपुरती ठेवली. चांदण्यांसाठी बांधलेलं घर असं एका घोषणेत रिकामं होतं.

कोरी पाटी

मग शोधयंत्र सोडून हे वाचतं तरी कोण?

कागदी होडी

बरेच जण, पण प्रत्येकाची खोड वेगळी. निरोपाच्या अ‍ॅपमध्ये दुवा टाकला की चित्र आणि शीर्षक उमटतं ना, तो ओपन ग्राफ. फेसबुकने २०१० मध्ये काढला. शीर्षक, प्रकार, चित्र आणि पत्ता एवढं त्याला लागतंच. झोटेरोसारखी संदर्भ जमवणारी साधनं आणि गूगल स्कॉलर हे 'सायटेशन' ने सुरू होणारे मेटा टॅग बघतात. टंकवाला, तुमचा वाचक अभ्यासक असेल तर हे टॅग विसरू नका, तेही त्याच खान्यांतून निघतील. फायरफॉक्सचा वाचन-मोड जेसन-एलडीतून शीर्षक आणि लेखक उचलतो. प्रवासाच्या तिकिटाचा मेल आला की जीमेल त्याचं कार्ड करून दाखवतं, त्यामागेही मेलमध्ये घातलेला हाच विदा असू शकतो.

जुना खांब

थोडं विषयांतर. मे २००१ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये सिमँटिक वेबचं, म्हणजे यंत्रांनाही अर्थ कळेल अशा वेबचं, स्वप्न मांडलं. त्यात एका आईच्या उपचारांच्या वेळा भावा-बहिणीचे सॉफ्टवेअर एजंट आपसात बोलून जुळवतात. तेव्हा आम्ही ते वाचून हवेत होतो. पुढे हातात आलं ते चांदण्या आणि प्रश्नोत्तरांच्या पट्ट्या! पण स्कीमाच्या मागचे आर. व्ही. गुहा हे आरडीएफच्या जन्मातही होते, त्याआधी सायक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रकल्पात. म्हणजे माणसं तीच. स्वप्न तेवढं आटवून आणलं, आणि आटवलं म्हणूनच ते चाललं, असं माझं मत.

तिरपा डोळा

आता कुठे एकमत झालं. तारीख लिहून ठेवा.

टंकवाला

तीन आठवड्यांनी परत आलोय. खाने केले. चौघांनी मिळून सगळे लेख पुन्हा चाळले, तारखा एका रूपात आणल्या. टेम्प्लेटमधून जेसन-एलडी निघायला लागलं. गूगलची रिच रिझल्ट्स टेस्ट फक्त गूगल जे दाखवतं तेवढंच तपासते, म्हणून स्कीमाचा स्वतःचा व्हॅलिडेटर (विदा तपासणारं साधन) वापरला.

आणि ४१ पानांवर काहीच सापडलं नाही. शून्य. पानं दिसायला ठणठणीत.

जुना खांब

शीर्षकात अवतरणचिन्हं आहेत का त्या ४१ मध्ये?

टंकवाला

आहेत!!

जुना खांब

तुम्ही जेसन तुकडे जोडून लिहिलंत. टेम्प्लेटमध्ये अवतरणचिन्ह, मग शीर्षक, मग परत अवतरणचिन्ह. शीर्षकातलं दुहेरी अवतरण आलं की जेसन तिथेच मोडलं. एचटीएमएल सोशिक असतं, टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर निभावून नेतो. जेसन तसं नाही. एक स्वल्पविराम जास्त झाला की अख्खा गठ्ठा बाद, तोही आवाज न करता.

भाषेतलं तयार फंक्शन वापरा, जे आख्खी वस्तू घेऊन जेसन बनवतं. आणखी एक: मजकुरात कुठे स्क्रिप्ट बंद करणारा टॅग आला तर ब्राउझर गठ्ठा तिथेच संपला असं धरतो. तुमच्या १९६७ च्या लेखात तो येणार नाही, पण वाचकांच्या प्रतिक्रिया कधी विद्यात घेतल्यात तर येईल, आणि कोणीतरी मुद्दाम आणेल. लहान-चं कोनी चिन्ह (<) युनिकोड एस्केपने, म्हणजे संकेतांकाच्या रूपात, लिहायची सवय आत्ताच लावा.

टंकवाला

४१ च्या ४१ दुरुस्त. दंडवत घ्या.

आता एक विचित्र प्रकार. प्रत्येक लेखकाला @आयडी दिला, म्हणजे त्याचे सगळे लेख एकाच माणसाशी जोडले जातील. आयडी नावावरूनच बनवला. 'किनाऱ्यावरचा' या टोपणनावाने एक जण लिहायचे, त्यांचे १९ लेख. यादीत ते दोन वेगळे लेखक दिसतात, एकाचे १२ आणि दुसऱ्याचे ७. दोन्ही नावं डोळ्यांसमोर ठेवून अक्षर अक्षर ताडलं. काही फरक नाही!

कागदी होडी

डोळ्यांना नाही दिसणार. तो अर्धा र बघा. एकाने ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत टंकलंय. दुसऱ्याने साधा र, हलंत आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर आकृती एकच, आत वेगळे संकेतांक. तुमच्या चौघांचे कीबोर्ड वेगळे असणार.

आणि हे नॉर्मलायझेशनने (वेगवेगळ्या तऱ्हेने टंकलेलं एका रूपात आणायच्या युनिकोडच्या पद्धतीने) मिटेल या भरवशावर राहू नका. र खाली नुक्ता देऊन लिहिलेला ऱ एनएफसी (त्याच पद्धतीचं एक रूप) करताना जुळतो, पण जॉइनरवाला जुळत नाही. तो तुम्हालाच नियम लिहून बदलावा लागेल.

खरा उपाय असा की नावावरून आयडी करूच नका. लेखकांचा वेगळा तक्ता करा, प्रत्येकाला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाचं तुमच्याच संस्थळावर एक पान. तो पत्ता म्हणजे आयडी. नाव ही माणसाबद्दलची माहिती झाली. ती बदलते, दोन असतात, चुकतेसुद्धा. टोपणनाव ऑल्टरनेटनेममध्ये जाईल.

टंकवाला

हे पटलं. आणि यातूनच उलटं दुखणं निघालं. 'प्रवासी' नावाने लिहिणारे माझ्या मते दोन आहेत. १९५९ पर्यंतची भाषा एक, १९६४ नंतरची अगदीच दुसरी. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावर एका 'प्रवासी' टोपणनावाच्या लेखकाची नोंद सापडली. सेमअ‍ॅज लावू का?

कागदी होडी

कुठल्या पुराव्यावर?

टंकवाला

नाव जुळतं.

कागदी होडी

मग नका लावू. सेमअ‍ॅज म्हणजे 'हा तोच माणूस आहे' अशी ग्वाही. संदिग्ध वाटलं तर माणूस पुढे जाताना विसरून जातो, यंत्र विसरत नाही. तुमच्या जोडणीवरून दुसरा कोणी विदा उचलेल, त्याच्यावरून तिसरा, आणि काही दिवसांनी तुम्हालाच त्या तिसऱ्याकडे 'पुरावा' सापडेल.

दोन क्रमांक द्या, दोघांचंही ऑल्टरनेटनेम 'प्रवासी'. दोघांना जोडू नका, बाहेरही जोडू नका. लेखकाच्या पानावर साध्या मराठीत लिहा की हे वेगळे का वाटतात. जुळवणी पुढे कधीही करता येते. एकदा कालवलेले दोन लेखक वेगळे करणं फार जिकिरीचं, मी केलंय.

तिरपा डोळा

आणि ते कारण पानावर दिसेल असं लिहा. नुसतं जेसनमध्ये नको.

टंकवाला

केलं. 'किनाऱ्यावरचा' आता एकच, १९ लेखांसकट. 'प्रवासी' क्रमांक ८८ आणि क्रमांक २१३. कारण पानावर लिहिलं, आणि काल रात्री एका वाचकाने खाली प्रतिक्रिया दिली: १९६२ च्या अंकात प्रवाशाचा जो एक लेख आहे तो दोघांपैकी कोणाचा?

अंक काढून बसलोय. तूर्त त्या लेखाचा ऑथर हा खाना रिकामा ठेवलाय, फक्त छापलेलं नाव दिसतंय.

कागदी होडी

त्या लेखाची पानं मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि रिकामा नको, तिसरा क्रमांक द्या.